माळ्यावरचा तंबोरा पुन्हा बोलेल का?

नागपूरहून एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांच्या आजीने मिरजेहून आणलेला तंबोरा, साधारण साठ वर्षांचा. आजी गेल्यापासून पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर पडून होता. तबलीला (भोपळ्याच्या तोंडावरच्या लाकडी झाकणाला) लांब चीर गेली आहे, दोन खुंट्या फिरत नाहीत, तारा गंजल्या आहेत आणि छेडलं तर भद्द आवाज येतो. गावातल्या एका दुकानात दाखवला, तर ‘आता शोभेला ठेवा, नवीन घ्या’ असं सांगितलं. ताईंची मुलगी गाणं शिकते, तिचा स्वर काळी चार, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी. दुरुस्ती होईल का, मोबाइलवर तानपुरा असताना एवढा खर्च करावा का, आणि मिरजेचे सतारमेकर मूळचे तलवारींना धार लावणारे होते हे खरं का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

ताई, पहिल्याचं उत्तर आधी देतो, कारण जीव त्यातच अडकलेला असणार. तुमच्या वर्णनात तंबोरा टाकून द्यावा असं काहीही नाही. चीर, गंजलेल्या तारा, अडकलेल्या खुंट्या आणि बसलेला आवाज ही आमच्या कारखान्यातली रोजची कामं आहेत. मी मिरजेत अब्बांच्या हाताखाली हे काम शिकलो आणि तेव्हापासून हेच करतो. नव्या वाद्यांइतकीच जुनी वाद्यं आमच्या दारात येतात. पण दुरुस्तीला पाठवण्याआधी तुम्ही स्वतः काही गोष्टी तपासा, म्हणजे पाठवण्यात अर्थ आहे की नाही ते घरीच कळेल.

पहिली तपासणी किडीची. तंबोरा उजेडात आणून जमिनीवर पांढरी चादर पसरा, त्यावर तो आडवा ठेवा आणि भोपळ्यावर सगळीकडून बोटांनी हलकं टकटक करा. पिठासारखी भुकटी पडली किंवा बारीक टाचणीएवढी भोकं दिसली, तर आत भुंगा आहे. थोडी भोकं असतील तर भोपळा वाचतो, आतून कापडाचा आणि भोपळ्याच्याच तुकड्यांचा आधार देता येतो. टकटक करताना एखाद्या जागी आवाज एकदम मऊ, दमट लागला तर तिथली साल आतून पोखरली गेली आहे. निम्म्याहून जास्त भोपळा तसा लागला तरच तो बदलायची वेळ येते, आणि तेव्हाही दांडी, तबली, खुंट्या जुन्याच राहू शकतात.

मग दांडी बघा. खुंट्यांकडच्या टोकाला डोळा लावून दांडीवरून भोपळ्याकडे नजर टाका. तारांचा ताण वर्षानुवर्षं तसाच राहिला तर दांडी पुढच्या बाजूला वाकते. थोडा बाक चालतो. बाक मोठा असेल तर गळ्याचा सांधा, म्हणजे दांडी आणि भोपळा जोडणारा भाग, खोलून कोन पुन्हा बसवावा लागतो. हे काम मोठं आहे, पण होतं. तिसरी तपासणी घोडीच्या, म्हणजे तबलीवरच्या ज्या ठोकळ्यावरून तारा जातात त्याच्या, खालची. तबली तिथे आत दबली असेल तर आतून पट्टी देऊन उचलावी लागते.

चिरेचं म्हणाल तर ती नागपूरच्या उन्हाने गेली आहे, माझी जवळजवळ खात्री आहे. तबली तुणीच्या लाकडाची असते. लाकूड आकसतं ते शिरांच्या आडव्या दिशेने, आणि तबली तर कडेने भोपळ्याला घट्ट चिकटवलेली. मे महिन्यात पत्र्याखाली तापलेलं लाकूड आकसायला लागलं की कडा हलत नाहीत, मग मधेच शिरेच्या रेषेत फाटतं. अशी सरळ चीर म्हणजे तबली कुजलेली नाही याचंच लक्षण. त्यात तुणीचीच बारीक सळई बसवून ती बुजवतात आणि वरून चपड्याचं पॉलिश देतात. जाणकाराला ती रेषा दिसते, कानाला ऐकू येत नाही.

एक कळकळीची विनंती. घरी कुणी उत्साही माणूस चिरेत पांढरा गोंद किंवा इपॉक्सी भरायला निघाला तर त्याला थांबवा. साठ वर्षांपूर्वीचं वाद्य सरसाने, म्हणजे हाडा-कातड्यापासून केलेल्या जुन्या गोंदाने, जोडलेलं आहे. सरस गरम आणि ओल्या फडक्याने सुटतो, सांधा सुबक उघडतो, काम झालं की पुन्हा सरस लावून बंद होतो. जुन्या कारागिरांनी तो वापरला त्यात हाही विचार होता: पुढे कुणीतरी हे वाद्य उघडणार आहे. आजचा पक्का गोंद एकदा बसला की सांधा सुटत नाही, लाकूड तुटतं. आमच्याकडे येणाऱ्या जुन्या वाद्यांचं खरं नुकसान काळाने कमी आणि अशा घरगुती उपायांनी जास्त केलेलं असतं.

आता तलवारींचं. होय, खरं आहे, आणि तुमच्या तंबोऱ्याशी त्याचा थेट संबंध आहे.

मिरज हा किल्ल्याचा गाव. आदिलशाही, मग मराठे, मग पटवर्धनांचं संस्थान. जिथे फौज तिथे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार आणि झिलई करणारी माणसं. १८१८ मध्ये पेशवाई संपली, फौजा आटल्या आणि शिकलगारांचं काम आटत गेलं. आमच्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की १८५० च्या सुमारास फरीदसाहेब आणि मोइनुद्दीन या शिकलगार भावांनी तंतुवाद्यांच्या कामात हात घातला. त्या काळात चांगली वाद्यं उत्तरेकडून यायची. इतक्या लांबच्या प्रवासात भोपळा तडकला, दांडी मोडली, जवारी (घोडीवरचा तारेला बोलतं करणारा उतार) गेली तर परत पाठवणार कुठे? बारीक काम करणारा हात गावात होता तो शिकलगाराचाच. म्हणून मोडलेली वाद्यं त्यांच्याकडे आली. उघडता-जोडता ती आतून कशी असतात ते कळलं आणि मग स्वतःची घडवायला सुरुवात झाली. शिकलगार आडनाव मागे पडून सतारमेकर झालं. आज त्या नावाची गल्लीच आहे.

मिरजेची सुरुवात अशी दुरुस्तीतून झाली, म्हणून ‘नवीनच घ्या’ हे वाक्य आम्हाला मनापासून लागतं. या धंद्यात घडवणं आणि दुरुस्त करणं या दोन वेगळ्या विद्या नाहीत. ज्याला जुना तंबोरा उघडून पुन्हा बोलता करता येत नाही, त्याने बनवलेला नवा तंबोराही मी डोळे झाकून घेणार नाही.

शिकलगाराचा हात इथे कसा कामी आला ते सांगतो. पात्याला धार देताना तो जो उतार साधतो, तो डोळ्याला धड दिसत नाही. बोट फिरवून, उजेड तिरका पाडून, कानस किती दाबाने चालतेय ते मनगटात ओळखून तो उतार साधायचा असतो. तंबोऱ्याच्या घोडीवरची जवारी हे नेमकं तसलंच काम आहे. फरक एवढाच की तिथे परीक्षा पातं घेतं आणि इथे कान.

मग गिऱ्हाईक कुठून आलं? मिरजेच्या दरबाराला गाण्याची आवड होती. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत राहिले. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्याकडे शिकायला मिरजेलाच आले. त्यांनीच पुढे १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्या पद्धतीची विद्यालयं गावोगावी निघाली, चारचौघांची मुलं-मुली गाणं शिकू लागली, तसा तंबोरा दरबारातून आणि कोठीवरून मध्यमवर्गाच्या माजघरात आला. तुमच्या आजीच्या घरी तंबोरा असणं हे त्या मोठ्या बदलाचंच फळ आहे. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब यांनी मिरजेत घर केलं. १९३७ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांचं दफन इथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात झालं. तिथल्या उरुसात आजही दरवर्षी गवई येऊन हजेरी लावतात. गायिका हिराबाई बडोदेकरांचा जन्मही १९०५ चा, मिरजेचाच. गवई आणि कारागीर एकाच गावात राहत असल्याने काय झालं, तर सकाळी गवयाने तक्रार सांगितली की संध्याकाळी कारागीर घोडीवर कानस फिरवून दाखवत असे. वाद्य सुधारत गेलं ते अशा रोजच्या जाण्या-येण्यातून.

आता माल. तुम्ही नवा तंबोरा घ्यायचं ठरवलंत तरी हे कळलेलं बरं, कारण किंमत इथे ठरते.

भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यातून येतो. हा खायचा भोपळा नव्हे, हा कडू. वेलावर मोठा होऊ द्यायचा, नीट बसता ठेवायचा म्हणजे आकार वाकडा होत नाही, वेल वाळला की काढायचा आणि मग महिनोन्‌महिने सुकवायचा. जुन्या कारखान्यांत गेलात तर आढ्याला टांगलेले भोपळे दिसतील, त्यातले काही कारागिराच्या बापाने घेतलेले असतात. पुरुषांच्या तंबोऱ्याला ५० इंचांच्या आसपास घेराचा भोपळा लागतो. त्या मापाचे, जाड सालीचे, डाग नसलेले भोपळे शंभरात थोडेच निघतात. अवेळी पाऊस झाला की भोपळा जमिनीवरच सडतो. शिवाय उजनी धरणाचं पाणी फिरल्यापासून त्या भागात उसाने रान धरलं आहे. फक्त वाद्यवाल्यांनाच विकता येणाऱ्या पिकासाठी शेतकऱ्याने जमीन का अडकवावी, हा त्याचा प्रश्न रास्त आहे. आम्ही कारागिरांनी त्याला भाव वेळेवर आणि पुरेसा द्यायला हवा, एवढंच त्याला उत्तर आहे.

काम सुरू करताना भोपळा कापून पाण्यात भिजत घालतात. साल मऊ पडली की आतला गर आणि बिया खरवडून काढायच्या, आत काड्यांचा ताण देऊन तोंड हव्या त्या आकाराला आणायचं आणि पुन्हा वाळवायचं. दांडी आणि तबली तुणीची. तूण हलकी असते, वाळल्यावर फारशी पिळवटत नाही आणि आवाज उचलते. तंबोऱ्याची तबली सपाट नसते, मधे फुगीर असते. तिची जाडी किती ठेवायची हे मापाने ठरत नाही, कारण प्रत्येक लाकूड वेगळं. रंधा मारायचा, बोटाने ठोकायचं, ऐकायचं, पुन्हा रंधा. जाड राहिली तर आवाज आतच कोंडतो, पातळ झाली तर काही वर्षांत घोडीखाली बसते.

इथे तुमच्या आजीच्या तंबोऱ्याची मोठी जमेची बाजू येते. त्याचं लाकूड साठ वर्षं वाळलं आहे. जे आकसायचं होतं ते आकसून झालं आहे, चीरही पडून गेली. असं लाकूड आज बाजारात पैसे देऊनही मिळत नाही. म्हणून मी तुम्हाला ठासून सांगतो की शोभेला ठेवू नका.

जवारीकडे येतो. तंबोरा म्हणजे शेवटी जवारी, आणि तुम्ही म्हणता त्या ‘भद्द’ आवाजाचं कारणही तिथेच आहे.

घोडीचा माथा वरवर सपाट दिसतो, पण तो सपाट नसतो. पुढच्या बाजूला त्याला अतिशय मंद उतार असतो. तार छेडली की ती थरथरताना त्या उताराला क्षणोक्षणी वेगवेगळ्या जागी टेकते आणि सुटते. त्या टेकण्या-सुटण्यातून मूळ स्वराबरोबर वरचे स्वर, म्हणजे उपस्वर, फुलून येतात. खरजाची, म्हणजे सगळ्यांत खालच्या स्वराची, तार षड्जात मिळवलेली असताना शांत खोलीत त्यातून गंधार ऐकू येतो, तो याच कारणाने. गंधार कुणी लावलेला नसतो, खरजाच्या पाचव्या उपस्वरातून तो आपोआप उमटतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणेच्या घोडीवर शास्त्रीय टिपण लिहिलं होतं. साध्या तारेच्या नियमाप्रमाणे, तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असतो तो उपस्वर ऐकू येऊ नये. तंबोऱ्यात तो येतो, आणि त्याचं कारण या घोडीच्या घडणीत आहे, हे त्यांनी दाखवलं. आमच्या आजोबा-पणजोबांनी भौतिकशास्त्र वाचलेलं नव्हतं. पण कोणत्या उताराने कोणता स्वर उठतो हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं.

वाजवता वाजवता तार घोडीत बारीक खाच पाडते. खाच पडली की तार उतारावर फिरत नाही, एकाच जागी अडकते. मग उपस्वर फुलणं थांबतं आणि आवाज कोरडा, बंद होतो, नाहीतर नुसता चरचरतो. तुमच्या तंबोऱ्यात नक्की हेच झालं असणार, शिवाय गंजलेल्या तारांनी घोडी आणखी खरवडली असेल.

जवारी काढताना मी काय करतो ते लिहितो, म्हणजे पैसे कशाचे पडतात ते लक्षात येईल. तारा सैल करून बाजूला सारतो. बारीक कानशीने खाचा मिटेपर्यंत माथा एकसारखा करतो. मग उतार. कानस पुढच्या कडेकडे नेताना मनगट किंचित झुकवायचं, तेही सगळीकडे सारखं नाही. खरजाची पितळी तार जाड आणि सैल असते, तिचा झोका मोठा, तिला उतार वेगळा लागतो. मधल्या दोन एकाच स्वराच्या, म्हणजे जोडाच्या, पोलादी तारा ताठ, त्यांना वेगळा. मग पॉलिश पेपर, मग फुंकर मारून भुकटी उडवायची, तारा जागेवर, सूर मिळवायचा, ऐकायचं. पहिल्या खेपेला कधीच लागत नाही. पुन्हा तारा बाजूला, पुन्हा दोन-तीन हात कानशीचे, पुन्हा सूर. एकेक तार चांगली बोलायला लागली तरी चौघी एका जातीच्या बोलायला हव्यात. एक फार खुली आणि दुसरी गोल असं चालत नाही, ते गाणाऱ्याच्या कानाला टोचतं. साध्या जवारीला काही तास लागतात, हट्टी घोडी दुसऱ्या दिवसावर जाते. कान थकला की मी काम ठेवून देतो, थकलेल्या कानाने काढलेली जवारी सकाळी खोटी ठरते.

शेवटी दोरा. तार आणि घोडी यांच्या मधे सुती दोऱ्याचा तुकडा घालून तो पुढेमागे सरकवायचा. एका जागी येताच तार एकदम उघडते. दोऱ्याच्या जाडीएवढं पुढे गेलं की पुन्हा मिटते. हे मात्र तुमच्या मुलीने स्वतः शिकायचं आहे, आणि तिच्या गुरुजींकडून पहिल्याच महिन्यात शिकायचं. घरातल्या तंबोऱ्याचा दोरा लावायला दर वेळी मिरजेला कोण येणार?

घोडी कशाची आहे तेही पाहा. जुन्या चांगल्या तंबोऱ्यांना हस्तिदंताची किंवा साबरशिंगाची पट्टी असे. आज हस्तिदंताचा व्यापार कायद्याने बंद आहे आणि तो बंदच राहायला हवा. आता उंटाचं हाड, शिसव, कृत्रिम पट्टी वापरतात. तुमची जुनी पट्टी शाबूत असेल तर मी ती बदलणार नाही. कारागिराने न विचारता बदलून टाकली तर जुनी परत मागा, हा तुमचा हक्क आहे.

काळी चारबद्दल एक अडचण असू शकते, ती आधीच सांगतो. आमच्याकडे तंबोऱ्याला सरळ ‘जेन्ट्स’ आणि ‘लेडीज’ म्हणतात. घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंत, म्हणजे मेरूपर्यंत, तारेची लांबी टेपने मोजा. साधारण ३० ते ३४ इंच भरली तर तो बायकांच्या स्वरासाठी केलेला आहे आणि काळी चारला आनंदाने बोलेल. ३८ च्या पुढे असेल तर तो पुरुषी, काळी एक-दोनचा. त्याला चढवून काळी चारला नेऊ नका. तारा तुटतील किंवा दांडीवर ताण येईल, आणि बारीक तारा लावून नेलाच तरी आवाजात भरणा राहणार नाही. आजीने आणला म्हणजे लेडीजच असेल असं धरून चालू नका, आजोबा गात असतील तर? पाठवताना मुलीचा स्वर कळवा. तारांचा नंबर त्यावर ठरतो आणि जवारी त्या स्वरालाच काढली जाते. पांढरी एकला काढलेली जवारी काळी चारला तशीच बोलत नाही.

मोबाइलच्या तानपुऱ्याचं. मी त्याच्या विरोधात नाही. वीज आणि बॅटरीवरची तानपुऱ्याची पेटी आली तेव्हा आमच्या गल्लीत काळजी होती, ती खोटी नव्हती, विद्यार्थ्यांची मोठी मागणी तिकडे वळली. प्रवासात, वसतिगृहात, सकाळी घाईत ते साधन उपयोगाचं आहे. पण त्यात सूर आधीच लागलेला असतो. तंबोऱ्यावर मुलीला तो स्वतः लावावा लागेल. आधी खुंटीने, मग तारेत ओवलेल्या मण्याने केसभर सरकवत, जोडाच्या दोन तारा एकजीव होईपर्यंत. पंचमाची तार किंचित उतरली तर खरजाचा गंधार धूसर होतो हे तिच्या कानाला सहा महिन्यांत कळेल. ज्या कानाला हे कळतं त्याचा गळा सुरात येतो. मी गवई नाही, पण आयुष्यभर गवयांचे कान जवळून पाहिले आहेत आणि ज्यांनी स्वतः तंबोरा मिळवला त्यांचा कान वेगळाच असतो.

खर्चाचं बोलायचं तर वाद्य हातात घेतल्याशिवाय आकडा सांगणं बरोबर नाही, आणि फोटोवरून कुणी छातीठोकपणे आकडा दिला तर जरा थांबा. एवढं खरं की चीर, खुंट्या, तारा, पॉलिश आणि जवारी एवढंच काम असेल तर त्याच दर्जाचा नवा तंबोरा घेण्यापेक्षा ते बरंच स्वस्त पडतं. गळा खोलावा लागला तर खर्च वाढतो, तरीही मी दुरुस्तीच सुचवेन. काम सुरू होण्याआधी काय काय करणार ते लिहून घ्या.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आम्हाला सगळ्यांना अभिमान आहे. बाहेर बनवलेल्या वाद्यावर मिरजेचं नाव चिकटवणाऱ्याला आता रोखता येईल. पण मला काळजी जवारी काढणाऱ्या हातांची आहे. सुतारकाम, नक्षी, पॉलिश शिकणारी पोरं अजून मिळतात. जवारीला मात्र वर्षानुवर्षं जुन्या माणसाशेजारी बसून नुसतं ऐकावं लागतं, त्या काळात कमाई थोडी, आणि घरातल्यांना वाटतं पोरगा रिकामा बसलाय. शिकणाऱ्याच्या हाती रोज जुनी, बिघडलेली, हट्टी वाद्यं आली तरच तो तयार होतो. नव्या तंबोऱ्यावर जवारी एकदाच निघते, जुन्यावर पुन्हा पुन्हा. म्हणून जेव्हा जेव्हा कुणी माळ्यावरचा तंबोरा खाली उतरवून पाठवतं, तेव्हा एखाद्या शिकाऊ पोराचा अभ्यास होतो. मिरजेला हे मानांकनाइतकंच हवं आहे, माझ्या मते जास्तच.

पाठवायचं ठरलं तर पावसाळ्यात पाठवू नका, दिवाळीनंतर पाठवा. सरस दमट हवेत नीट धरत नाही आणि पॉलिशही ढगाळतं. कुरियरपेक्षा कुणीतरी बरोबर घेऊन यावं हे उत्तम. महाराष्ट्र एक्स्प्रेस नागपूरहून मिरजेला थेट येते. निघण्याआधी घोडी तबलीवर जिथे आहे तिथे चारी बाजूंनी पेन्सिलीने खूण करा, कारण ती सरकली तर मूळ जागा शोधण्यात आमचा वेळ जातो. तारा काढू नका, फक्त सैल करा. मणी आणि दोरे निघत असतील तर पुरचुंडीत बांधून दांडीला लावा. सुटलेल्या खुंट्यांवर कोणती कुठली ते लिहा, प्रत्येक खुंटी आपल्याच भोकाला घासून बसवलेली असते. भोपळ्याखाली जाड कापडाची चुंबळ द्या, तबली वर राहील असा ठेवा आणि त्यावर दुसरं सामान येऊ देऊ नका.

परत आल्यावर पहिला महिना तारा रोज उतरतील, त्याला घाबरू नका. नव्या तारा ताणतात, सांधे ताणाला सरावतात. मुलीने रोज मिळवावा, रोज वाजवावा, आणि रियाज झाला की कापडी खोळ घालून खोलीच्या कोपऱ्यात, ऊन आणि कूलरचा ओला झोत दोन्ही लागणार नाहीत अशा जागी ठेवावा. महिनाभर गाणं बंद राहणार असेल तर तारा दोन-तीन स्वर उतरवून ठेवा. तीन-चार महिन्यांनी जवारी किंचित बसते. तेव्हा पुन्हा एकदा कारागिराला दाखवा, बहुधा तेवढ्यात घोडीवर कानशीचे चार हात पुरतात.